तहानलाडू-भूकलाडू विमानात: दोन पोरं, एक सासूबाई आणि एक संकष्टी

ओटीवरची
मंडळी, मे महिन्यात आम्ही पाचजण शिकागोला नणंदेकडे निघालोय. मी, नवरा, मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीचची आणि सासूबाई एकाहत्तर. पुण्याहून रात्री आठला गाडी, पहाटे साडेचारचं मुंबईहून विमान, दुबईला पावणेचार तास मुक्काम, आणि मग शिकागोपर्यंत साडेपंधरा तास एका जागी.
प्रश्न खाण्याचा आहे. मुलगा पोळी, तूप, गूळ आणि साधा भात यापलीकडे काही ओळखत नाही. मुलगी ताटात दोन पदार्थ एकमेकांना चिकटलेले दिसले की ताट ढकलते. आणि प्रवासाच्या दिवशी नेमकी संकष्टी! सासूबाईंना म्हटलं, एक महिना सोडा. तर म्हणाल्या, "उपास मोडायला मी काय आजारी आहे का?"
मागे पुणे-कोची विमानात चिवड्याचा घट्ट झाकणाचा डबा मी उघडायला गेले आणि झाकण फटकन उडालं. निम्मा चिवडा शेजारच्या काकांच्या लॅपटॉपवर. ते काही बोलले नाहीत, पण कोची येईपर्यंत कीबोर्डच्या फटीतून डाळं वेचत होते. तेव्हापासून धसका घेतलाय. काय नेऊ, किती नेऊ, कशात नेऊ?

डोंबोली_फास्ट
आधी एक विचारतो. एकूण सामान किती किलो आणि त्यात खाऊ किती किलो? आमच्याकडे हे प्रमाण कायम उलटं असतं. तिरुपतीला जाताना आमच्या आईने कल्याण सुटायच्या आत पहिला डबा उघडला होता.

खमंग_काकू
ओटीवरची, तू गुळाच्या दशम्या कर. दुधात भिजवलेल्या, पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे मेच्या उकाड्यातही दोन दिवस सहज टिकतात. तुझ्या लेकाचं पोळी-तूप-गूळ एकाच पदार्थात निभतं. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या, पण जरा कडक तळलेल्या. मऊ पुऱ्या दुसऱ्या दिवशी चामड्यासारख्या होतात.
धाकटीला शंकरपाळे आणि साळीच्या लाह्या. लाह्यांना वजन नाही, डाग नाही, आणि एकेक उचलून खाण्यात पोरांचा पाऊण तास जातो. विमानात खाऊ भुकेसाठी कमी आणि वेळ घालवण्यासाठी जास्त लागतो.

चार_आणे
मला हे समजतच नाही. तिकिटाच्या पैशात दोन जेवणं आणि मध्ये काहीतरी चटरफटर मिळतं. मग घरून शिदोरी कशाला? आपली ही बैलगाडीची सवय जात नाही.

खमंग_काकू
@चार_आणे, तुम्ही अडीच वर्षांच्या पोराला पहाटे साडेतीन वाजता बोर्डिंगच्या रांगेत "बाळा, जेवणाची गाडी यायला अजून दोन तास आहेत" असं समजावून दाखवा. मग बोलू.

पाटावरवंटा
काकूंना अनुमोदन. आणि मिळणाऱ्या जेवणाचंही ऐका. ओटीवरची, तिकिटावर जेवणाचा प्रकार आजच टाक, निदान २४ तास आधी तर लागतोच. पण "हिंदू मील" निवडू नकोस. नाव वाचून आम्ही सासऱ्यांसाठी तेच घेतलं. झाकण काढलं तर चिकन. त्या प्रकारात गोमांस नसतं, पण बाकी सामिष असू शकतं. शाकाहारी हवं तर "एशियन व्हेजिटेरियन", म्हणजे एव्हीएमएल. कांदा-लसूण चालत नसेल तर जैन. "चाइल्ड मील" म्हणजे शाकाहारी असंही समजू नकोस, त्यात बहुतेकदा चिकन नगेट्स निघतात.
सासूबाईंसाठी बऱ्याच विमान कंपन्यांकडे फळांची थाळी असते, एफपीएमएल. उपासाला तीच टाक.

ओटीवरची
अगं देवा. मी हिंदूवरच टिचकी मारून ठेवली होती! आत्ता उठून बदललं. पाटावरवंटा, तुझ्या तोंडात साखर.

गणितमास्तर
तुमच्या चिवड्याच्या स्फोटाचं कारण साधं आहे. विमान उडतं पस्तीस-चाळीस हजार फुटांवर, पण आत हवेचा दाब राखतात तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. आठ हजार फूट म्हणजे २४०० मीटर. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे आख्खं विमान कळसूबाईच्याही बरंच वर जाऊन बसल्यासारखं असतं. पुण्यात घरी बंद केलेल्या डब्यातली हवा तिथे साधारण पाव हिश्श्याने फुगू पाहते. महाबळेश्वरला वेफर्सच्या पुड्या टम्म होतात तेच, फक्त जास्त.
उपाय: झाकण उघडताना आधी एका कोपऱ्यातून हवा सोडा, डबा मांडीवर ठेवून, तोंड स्वतःकडे करून. किंवा डबाच नको. झिपच्या पिशव्या, त्याही हवा दाबून काढलेल्या.
अवांतर: तिथली हवा वाळवंटापेक्षा कोरडी असते आणि दाब कमी, म्हणून मीठ आणि साखर दोन्ही जिभेला कमी लागतात. विमानातलं जेवण मचूळ लागतं त्यात सगळाच दोष आचाऱ्याचा नसतो. घरचं करताना मीठ-तिखट कणभर चढं ठेवा.

डॉक्टरीणबाई
मास्तरांच्या फुगणाऱ्या हवेत पोटातला वायूही धरा. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी छोले, राजमा, मटकीची उसळ, कोबी आणि फसफसणारी पेयं टाळा. पोरं विमानात उगाच रडत नाहीत, पोट दुखत असतं.
धाकटीसाठी महत्त्वाचं: फुटाणे, अख्खे शेंगदाणे, काजू, कडक गोळ्या अजिबात नाहीत. हसताना, रडताना किंवा हिसका बसला की दाणा श्वासनलिकेत जातो आणि वर तिथे धावत जायला दवाखाना नसतो. अख्खे दाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच. चिवड्यातले दाणे काढून टाका.
कानांसाठी: विमान उतरायला लागलं की गिळायला काहीतरी द्या. पाण्याचे घोट, स्ट्रॉने दूध, मोठ्याला लिमलेटची गोळी. उतरताना जास्त दुखतं, चढताना कमी, आणि लोक नेमके चढतानाच सगळा खाऊ संपवून बसतात. धाकटी उतरताना झोपली असेल तर हळूच उठवा.

डोंबोली_फास्ट
चिवड्यातले दाणे काढून टाका?? डॉक्टरीणबाई, मग त्यात उरलं काय?

वाळवंटातला_मावळा
दुबईत राहतो म्हणून लिहितोय. खसखस आणू नका. इकडे ती बंदी घातलेल्या पदार्थांत येते, अफूच्या झाडाचं बी म्हणून. "आम्ही फक्त ट्रान्झिटमध्ये आहोत" या भरवशावर राहू नका. वाटतं तेवढं सोपं नाही, कारण खसखस आपल्याकडे पुडीत नसते, पदार्थात असते. अनारशावर असते. करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात, गोड्या मसाल्यात असते. नणंदेसाठी कोणी घरचा मसाला बांधून देत असेल तर त्यात काय काय आहे ते विचारून घ्या.

ओटीवरची
बाई गं. सासूबाईंनी चंद्रोदयाला बाप्पाला दाखवायला तळणीचे मोदक करायचे ठरवलेत. सारणात खोबरं, पिठीसाखर आणि खसखस. विचारते त्यांना.

पाटावरवंटा
खोबऱ्यावरून आठवलं. किसलेलं, भाजलेलं, पदार्थात गेलेलं खोबरं ठीक. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेतही टाकू नकोस. त्यातल्या तेलामुळे तो आपोआप तापून पेट घेऊ शकणारा माल धरतात. आमच्या आईने लेकीसाठी दिलेल्या चार वाट्या मुंबईला बॅग उघडायला लावून काढल्या. त्या अधिकाऱ्याला मी विचारलं, "आता याचं काय करणार?" तो बिचारा मालवणचा निघाला. म्हणाला, "मॅडम, माका पण बघवत नाय."
अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाहीच. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी २०२४ च्या ऑक्टोबरात तेवढी सूट दिली होती, तीही हंगामापुरती.

सोलापुरी_धपाटा
दशम्या-पुऱ्या सगळं पुणेरी चाललंय. आमच्याकडे प्रवासाला धपाटे आणि शेंगाचटणी. ज्वारी, बेसन, कणीक, भरपूर लसूण, कोथिंबीर. दोन दिवस काहीही होत नाही. आणि कृपया कोणी थेपले सुचवू नका, ते सगळीकडे आधीच पोचलेले असतात.

चार_आणे
आणि त्या लसणाच्या वासाचं काय? एसटीत खिडकी उघडता येते. विमानात तीनशे माणसं तीच हवा घेत बसलेली असतात.

सोलापुरी_धपाटा
त्यांच्या त्या गरम केलेल्या चीझचा वास आम्ही घेतोच की पंधरा तास.

डॉक्टरीणबाई
वासाचं तुम्ही आपापसात मिटवा. शेंगाचटणीबद्दल मात्र बोलते. आजूबाजूला कोणाला दाण्याची ॲलर्जी असेल तर विमानात तशी सूचना देतात आणि दाण्याचं काही उघडू नका म्हणून सांगतात. आपल्या प्रत्येक पदार्थात कूट असतं, उपासाच्या तर हमखास. तेव्हा सगळी मदार दाण्यांवर ठेवू नका. ओटीवरची, सासूबाईंच्या साबुदाणा चिवड्याबरोबर राजगिऱ्याच्या वड्या आणि खजूरही घ्या.

मिशिगनकाठ
शिकागोहून. इकडे उतरल्यावरचं मी सांगतो.
"खाण्याचं काही आहे का?" असं विचारलं की हो म्हणा. घरच्या पुऱ्या, चकल्या, लाडू हे सांगितलं की बहुतेक वेळा "ओके" म्हणून पुढे सोडतात. दंड होतो तो लपवल्याचा. ताजी फळं, ताज्या भाज्या, मांसाचं काही नको. विमानात मिळालेलं केळंसुद्धा पर्समध्ये राहिलं तर ते आणलेलंच धरतात, आणि बीगल कुत्री फार प्रामाणिक असतात.
ताजा कढीपत्ता तर नकोच. लिंबू-संत्र्याच्या झाडांवर रोग पसरवणारा किडा त्या पानांवर येतो म्हणून त्यांचा त्यावर विशेष डोळा आहे.
आणि मे महिना म्हणून कोणीतरी सहा हापूस बांधून देईल. नाही चालत. भारतातला आंबा अमेरिकेत २००७ पासून यायला लागला, पण लासलगावसारख्या केंद्रात विकिरण करून, पेटीवर तसा शिक्का घेऊन. आपल्या बॅगेतला हापूस कितीही देवगडचा असला तरी तो नियमात बसत नाही. मी माझे दोन आंबे इथे विमानतळावर, कचऱ्याच्या डब्याशेजारी उभा राहून खाल्ले आहेत. शर्टाला डाग, हात कोपरापर्यंत चिकट. तिथल्या तपासणीच्या बाईने टिश्यूचा अख्खा गठ्ठा दिला.

सिडनीकर
या धाग्याशी थेट संबंध नाही, पण कोणी ऑस्ट्रेलियाला येणार असेल तर: कार्डावर खाण्याचं सगळं लिहा, आणि पेढे-बर्फी आणू नका. आपल्याकडे गुरांना लाळ्या-खुरकूत होतो, इकडे तो नाही आणि त्यांना तो नकोय, म्हणून दुधाच्या पदार्थांवर कडक नजर. शेजारी न्यूझीलंडमध्ये तर पर्समध्ये विसरलेल्या एका सफरचंदाला जागेवर ४०० डॉलर.

नुसताच_वाचक
केबिनमध्ये मेतकूट चालेल का? विमानात साधा भात मिळाला तर कालवून देता येईल. वाचनखूण साठवली आहे.

मिशिगनकाठ
थोडं असेल तर चालतं. अमेरिकेला येणाऱ्या विमानांत २०१८ पासून पुडीचा नियम आहे: ३५० मिलिलिटरपेक्षा, म्हणजे साधारण कोकच्या कॅनपेक्षा जास्त पीठ-पूड हातातल्या सामानात असेल तर तपासणीत अडकते, काढूनही टाकतात. भाजणी, सातूचं पीठ, गोडा मसाला सगळं चेक-इनमध्ये. मेतकूट छोट्या डबीत. लाल तिखट हातात नकोच.

पाटावरवंटा
आणि दही, श्रीखंड, आमरस, पातळ तूप, चटणी, लोणच्याचा खार हे सगळं त्यांच्या लेखी "द्रव". १०० मिलीच्या वर केबिनमध्ये नाही. बाळाचं दूध आणि औषधं वेगळी, ती दाखवून नेता येतात. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या न्या, तपासणी झाली की आत भरा.
स्टीलचे डबे घरीच ठेव. क्ष-किरणात स्टीलच्या आतलं नीट दिसत नाही, मग प्रत्येक डबा उघडा. त्यात एकावर एक दाबून बसवलेले बेसनाचे लाडू म्हणजे त्यांच्या पडद्यावर एक घट्ट गोळा. आमचे पुसून, कपडा यंत्रात घालून तपासले होते. मागे शंभर माणसं उभी आणि मी सांगतेय, "बेसन, बेसन!"

गणितमास्तर
पुड्यांना घरूनच कात्रीने बारीक छेद देऊन क्लिप लावा. वर कात्री नसते आणि दातांनी पुडी फाडली की तुमच्या कोचीच्या डब्यासारखंच होतं.
आता संकष्टी. तुमच्या वेळा धरून हिशेब केला. मे महिन्यात शिकागो भारतापेक्षा साडेदहा तास मागे. सासूबाई पुण्याच्या सकाळी सहापासून उपाशी. शिकागोच्या अक्षांशावर त्या दिवशी चंद्र अकराच्या आधी उगवत नाही. अगदी अकराला धरला तरी उपास साडेसत्तावीस तासांचा होतो. पुण्याचा चंद्रोदय धरला तर रात्री दहाच्या पुढे, तेव्हा दुबईत पावणेनऊच्या आसपास. म्हणजे दुसऱ्या विमानात बसून अकरा तास झालेले असतील.

खमंग_काकू
घर जिथलं, पंचांग तिथलं. पुण्याच्या चंद्रोदयाला सोडायचा. माझ्या आत्याबाई लंडनला असताना असंच करायच्या.

चार_आणे
शास्त्रानुसार आपण जिथे आहोत तिथला चंद्रोदय धरतात.

डोंबोली_फास्ट
आणि आपण जिथे आहोत ते ताशी नऊशे किलोमीटरने पळत असेल तर?

डॉक्टरीणबाई
सासूबाईंना रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी असेल तर कोणताही चंद्र न बघता वेळेवर खायला द्या. बाकी शास्त्रार्थ चालू द्या.

ओटीवरची
(तीन आठवड्यांनी)
पोचलो, रुळलो, आता लिहिते. सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते.
नेलं काय: बारा दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाह्या, शंकरपाळे, दाणे काढलेला चिवडा (नवऱ्याने निषेध नोंदवला), राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, साबुदाणा चिवडा, छोटी डबी मेतकूट, आणि सासूबाईंचे सात मोदक. खसखशीचं सांगितल्यावर त्या दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तीळ घालते भाजून. त्याला कोण अडवणार?" कोणीच अडवलं नाही. एकवीस करणार होत्या, सातांवर तडजोड झाली.
सगळं पारदर्शक पिशव्यांत होतं. मुंबईला तपासणीत एकही पिशवी उघडावी लागली नाही.
चार_आणे, तुमचंही थोडं खरं निघालं. विमानात आम्ही घरचं फार खाल्लंच नाही. खाल्लं ते विमानाच्या आजूबाजूला. द्रुतगती मार्गावर ट्रॅफिकमध्ये पुऱ्या संपल्या, मुंबईला रांगेत लाह्या. दुबईत सकाळी सहाला, सगळी हॉटेलं उघडी असून, दोघं पोरं जमिनीवर फतकल मारून दशमी खात होती. लेकाने चार खाल्ल्या. मेतकूट-भाताचा बेत मात्र फसला. भात आला तो पिवळा, त्यात वाटाणे. लेकीने झाकण परत लावलं.
उतरताना डॉक्टरीणबाईंचं ऐकून दोघांना उठवलं आणि पाणी पाजत राहिले. मोठा ठीक होता, धाकटी तरी रडली, पण पाचच मिनिटं.
आता संकष्टी. फळांची थाळी आली, सासूबाईंनी पपई आणि कलिंगड खाल्लं, खरबूज मला दिलं. त्यांचं घड्याळ पुण्याच्याच वेळेवर होतं, हात लावू दिला नाही. दहा वाजून गेल्यावर त्यांनी मला हलवलं. विमानात सगळे झोपलेले, खिडक्या बंद. त्यांनी आपली खिडकी बोटभर वर सरकवली तर बाहेर लख्ख दुपार आणि खाली बर्फच बर्फ. चंद्राचा पत्ता नाही. "तिकडे उगवला असेल," म्हणाल्या. पर्समधून चपटा चांदीचा गणपती काढला, समोरच्या ट्रेवर टिश्यू पसरून त्यावर ठेवला, एक मोदक पुढे, ओंजळभर पुटपुटणं. हवाईसुंदरी पाणी घेऊन आली होती, ती थांबून राहिली. नमस्कार झाल्यावर तिला एक मोदक मिळाला. ती फिलिपिन्सची होती. तिने तो उभ्या उभ्याच खाल्ला आणि आत काय आहे ते विचारलं. सासूबाई मराठीतच म्हणाल्या, "खोबरं. आणि तीळ. खसखस नाही."
शिकागोला खाण्याचं विचारल्यावर मी "हो" म्हटलं. "व्हॉट काइंड?" "ब्रेड," म्हटलं. दशमीला मला दुसरा शब्द सुचेना.

मिशिगनकाठ
ब्रेड! चालतंय. आंबे?

ओटीवरची
माझ्या आईने दिलेच होते. चारच. द्रुतगती मार्गावर, त्याच ट्रॅफिकमध्ये. गाडीवाल्या दादांनी दोन खाल्ले.

नुसताच_वाचक
दशम्यांचं प्रमाण कोणी देईल का? पुढच्या महिन्यात आम्हीही निघतोय. माझ्या मागच्या वेळी दगड झाल्या होत्या.

खमंग_काकू
एक वाटी दूध उकळून पूर्ण गार करायचं, मगच त्यात पाऊण वाटी चिरलेला गूळ विरघळवायचा. गरम दुधात घातलास तर दूध फाटतं. गाळून घे. चिमूट मीठ, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, आणि मावेल तेवढी कणीक, साधारण अडीच वाट्या. पोळीपेक्षा घट्ट भिजव, अर्धा तास झाकून ठेव. पोळीपेक्षा जाड लाट आणि मंद आचेवर भाज. गूळ असल्याने मोठ्या आचेवर वरून करपते, आत कच्ची राहते. दगड होतात त्या मोहन कमी पडलं म्हणून, नाहीतर तव्यावर जास्त वेळ ठेवल्या म्हणून.
भाजल्यावर एकीवर एक रचू नकोस. कपड्यावर सुट्या पसर, पार गार होऊ दे, मग बांध. ऊन ऊन बांधल्यास तर दुबईलाच बुरशी दिसेल.